हात न लावता वाजणारी पेटी

केळुसकर पहिल्यांदा आले तेव्हा दुकानात बाबा होते, माझा मोठा भाऊ जगनदादा होता आणि मी होते. त्यांनी बाबांना नमस्कार केला नाही की दुकानाची पाटी वाचली नाही. पायरीखाली उभं राहून सरळ विचारलं, “शैला कोण?” मी हातातली पक्कड खाली ठेवली. बाबांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे. परका माणूस, इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे बूट, आणि घरातल्या लग्नाच्या मुलीचं नाव त्याच्या तोंडात. आमच्याकडे तेव्हा कान टवकारायला एवढं पुरेसं होतं. “तिच्याशी काय काम?” बाबांनी विचारलं. मागे आसनगाव स्टेशनवरून केलेली टमटम उभी होती आणि तिच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट, जड असं आडवं ठेवलेलं होतं. “एक वाद्य आहे,” ते म्हणाले. “बिघडलेलं नाही. त्यात थोडी भर घालायची आहे. आणि मुंबईत कुणाला हे कळायला नको.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. बाबांचा स्वभाव असा, की कोणी रेडिओ दुरुस्तीला आणला तरी ते आधी विचारत, मागच्या वेळी कुणाकडे दाखवला होता आणि त्याच्याकडे परत का नाही गेलात. माणूस जे बोलतो त्यापेक्षा जे गाळतो त्याच्याकडे त्यांचं लक्ष. ते मूळचे मुरबाड तालुक्यातले, धसईकडचे. भातशेती भावांकडे सोडून तरुणपणीच शहापूरला आले, रेडिओचं काम शिकले, पुढे लग्नकार्यांना लाउडस्पीकर देऊ लागले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं, आणि घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे नेहमी दोन-तीन रेडिओ पोट उघडं टाकून पडलेले, प्रत्येकाचं स्टेशन वेगळं. त्यात हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न आणि एस.टी. स्टँडवरचा पुकारा. आतून आई ओरडायची, “अरे एक तरी बंद करा रे, दूध उतू गेलेलं कळत नाय मला.” सोल्डरिंगच्या राळेचा वास आणि सुक्या बोंबलांचा वास आमच्या घरात एकत्रच राहायचा. अजूनही मला एकाचा वास आला की दुसऱ्याची आठवण येते, आणि माझ्या मुलीला हे सांगितलं की ती नाक मुरडते.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसले होते. बसले होते म्हणजे लोकांच्या दृष्टीनं. प्रत्यक्षात दुकानातलं बारीक काम सगळं माझ्याकडे होतं, कारण बाबांची नजर अधू झाली होती आणि जगनदादा कल्याणला कंपनीत जायचा. पण गिऱ्हाईक आलं की मी पडद्याआड जायचे आणि बाबा पुढे बसायचे. वस्तू बाबांच्या नावानं यायची, बाबांच्या नावानं जायची. म्हणून त्या दिवशी माझं नाव घेऊन कोणी आलं याचा बाबांना जितका राग आला, तितकाच मला आनंद झाला होता. तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. मलाही प्रश्न पडलाच होता, की मुंबईत गल्लोगल्ली मेकॅनिक असताना हा माणूस एवढं ओझं घेऊन शहापूरला का यावा?

नाव कसं कळलं याचा उलगडा त्यांनी लगेच केला. आदल्या उन्हाळ्यात धसईला एका लग्नात मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला होता आणि ऐन वेळी त्यांचा कीबोर्ड मुका झाला. आमचाच लाउडस्पीकर होता, मी बाबांबरोबर गेले होते. मांडवामागे बसून मी तो उघडला आणि सुटलेला सांधा जोडून दिला. त्या ऑर्केस्ट्रातल्या गायिकेनं ही गोष्ट केळुसकरांना सांगितली होती; आपणही वादक, असं ते म्हणाले. बाबांना हे पटलं, पण पूर्ण नाही. “ठेवा,” ते म्हणाले. “बघून सांगतो.” टमटमवाल्यानं आणि जगनदादानं मिळून ती वस्तू आत आणली. केळुसकरांनी उचलायला हात लावला नाही. दादानं हे बरोबर टिपलं आणि ते गेल्यावर म्हणाला, “साहेब आहे. आपण हमाल.”

चादर काढली आणि मी बघतच राहिले. लाकडी कडांची काळी जपानी पेटी. हार्मोनियमसारख्या पट्ट्या, पण त्यांच्या वर गोल खुंट्यांची आणि सरकत्या कळांची गर्दी. जुना ॲनालॉग सिंथेसायझर. अशी चित्रं मी फक्त कॉलेजच्या लायब्ररीतल्या मासिकात पाहिली होती. लावला तर त्यातून एका वेळी एकच सूर निघायचा, दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी एकच. जगनदादा हसला. “एवढी मोठी पेटी नि सूर एकच?” पण तो एक सूर भरलेला होता, काकवीसारखा दाट, आणि खुंटी फिरवली की त्याचा रंग बदलायचा. दादाला सुराची जाण होती. आमच्या पट्ट्यात लग्नाच्या हळदीला बेंजो पार्टी लागते. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारवाद्य, आणि जगनदादा तो वाजवण्यात शहापूर-मुरबाडमध्ये नावाजलेला होता. तो हसायचा थांबला आणि पेटी मागून पाहू लागला. “बाबा, हितं नंबर असतो ना?” मागच्या पत्र्यावरची नंबराची पट्टी खरवडून काढलेली होती.

त्या रात्री जेवताना घरात दुसरा विषय नव्हता. आईनं कंटोळ्यांची भाजी केली होती आणि तांदळाच्या भाकऱ्या. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “चोरीचा माल घरात नको गो बाई, पोरीचं अजून व्हायचंय.” बाबा म्हणाले, “चोरीचा असता तर विकला असता. भर कशाला घातली असती?” दादा म्हणाला, “ओळखू येऊ नये म्हणून.” मी काही बोलले नाही. मला ती पेटी आतून पाहायची होती आणि माझ्या बोलण्यानं कुणाचं मत बिघडायला नको होतं.

आठवड्यानं केळुसकर परत आले ते एक हिरवा बोर्ड घेऊन. काय करायचं ते त्यांनी मला नीट समजावलं. नवे कीबोर्ड एकमेकांशी एका भाषेत बोलतात, तिला मिडी म्हणतात. मिडी म्हणजे आवाज नव्हे, नुसता निरोप: अमुक पट्टी दाबली, अमुक वेळी सोडली. हा निरोप वायरीतून गेला की दुसऱ्या टोकाचं वाद्य त्याप्रमाणे वाजतं. ही पेटी त्या भाषेच्या आधी जन्मलेली. तिला निरोप कळत नव्हता, फक्त विजेचा दाब कळायचा. दाब एक व्होल्टनं वाढला की सूर एक सप्तक वर चढायचा. तो हिरवा बोर्ड निरोप ऐकून त्याचा दाब करून देणार होता. मला तो पेटीच्या पोटात बसवायचा होता, योग्य जागी वायरी जोडायच्या होत्या आणि मागच्या पत्र्याला वायरीसाठी गोल भोक पाडायचं होतं. बोर्ड मुंबईतल्या एका कॉलेजच्या मुलानं बनवला होता आणि आपली नक्कल कोणी करू नये म्हणून मधल्या मोठ्या चिपवरचं नाव घासून टाकलं होतं. जगनदादाला आयतंच मिळालं. “पेटीचा नंबर खरवडलेला, चिपचं नाव खरवडलेलं. आता या माणसाचं नाव तरी खरं आहे काय, कोण सांगणार?”

नंबराबद्दल बाबांनी त्यांना विचारलंच. ते म्हणाले, पूर्वी अशा वस्तू परदेशातून लपूनछपून यायच्या, तेव्हाच कुणीतरी खरवडला असेल. उत्तर बरोबर असू शकत होतं. पण एक गोष्ट मला खटकली. मी विचारलं, “तुम्ही काय वाजवता यावर? म्हणजे कुठल्या खुंट्या जास्त लागतात ते बघून वायरी कुठून न्यायच्या ते ठरवीन.” ते म्हणाले, “तू वाजव, मी सांगतो.” मी पट्ट्या दाबत गेले आणि ते डाव्या हातानं खुंट्या फिरवत गेले. वादक म्हणवणारा माणूस, स्वतःचं वाद्य समोर उघडं, आणि एक पट्टी दाबून पाहत नाही. दादा कोपऱ्यात बसून सगळं पाहत होता. ते गेल्यावर तो म्हणाला, “याला वाजवता येत नाय. माझ्याकडून लिहून घे.”

आईचा संशय वेगळ्याच वाटेनं चालला होता. केळुसकर आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी यायचे, आणि दर वेळी दुपार व्हायची. आई जेवायचा आग्रह करायची. एवढ्या लांबून आलेला माणूस आमच्या घरून उपाशी जातो हे तिला सहन होत नसे. ते दर वेळी नाही म्हणायचे. चहा घ्यायचे, तोही घाईनं, डाव्या हातानं कप उचलून. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आई आत येऊन तवा आपटून म्हणाली, “आमच्या हातचं चालत नाय त्याला. चहा चालतो, भात नाय चालत. असे लोक मी लय बघितलेत.” माझ्या आईनं लहानपणी मुरबाडला कोणाच्या तरी ओटीवर वेगळ्या कपात चहा घेतला होता. ते ती कधी सांगत नसे, पण विसरलीही नव्हती. त्या दिवसापासून घरात केळुसकरांचा उल्लेख ‘तो’ असा होऊ लागला.

काम सोपं नव्हतं. पत्र्याला भोक पाडायचं म्हणजे परत फिरायची सोय नाही, म्हणून मी ते शेवटावर टाकलं. आधी वायरी जोडल्या. जुना कीबोर्ड उसना आणून त्याच्यावरून निरोप पाठवला, तर पेटीनं खालचे सूर बरोबर धरले आणि वर चढता चढता बेसूर होत गेली. वरचा सा खालच्या सा चा कोणी लागत नव्हता. बोर्डावर एक इवलासा स्क्रू होता, तो केसभर फिरवायचा, ऐकायचं, परत फिरवायचा. माझा कान कच्चा, म्हणून जगनदादाला बसवलं. कुरकुरत का होईना, तो बसायचा. “अजून उतरलाय. अजून. आता चढला.” दोघांनी मिळून कसाबसा जमवावा, की दुपारी वीज मंद व्हायची आणि सूर पुन्हा घसरायचा. पेटी गरम झाली की वेगळी, गार असली की वेगळी. बाबांनी शेवटी फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून मला दिला आणि आईनं दोन दिवस आंबलेल्या दह्यावरून सगळ्यांना बोलून घेतलं.

त्याच सुमारास मुरबाडहून मला स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत शिक्षक. बोलणी चांगली चालली होती आणि एकाएकी तिकडून निरोप यायचे थांबले. मध्यस्थ असलेली माझी आत्या एक दिवस आली, पाणी प्यायली आणि आईला म्हणाली, “दुकानात मुंबईचा कोण येतो गो? दार लोटून पोरगी त्याच्यासंगं काय करते, असं विचारतात.” दार आम्ही धुळीसाठी लोटायचो आणि आत तिघं-चौघं असायचो. पण हे आत्याला सांगून उपयोग नव्हता. तिलाही तेच विचारायचं होतं. आई रडली. बाबा मला म्हणाले, “काम किती राहिलं?” मी म्हटलं, भोक पाडायचं आणि बंद करायचं. “मग कर लवकर. उघडी पेटी परत देता येत नाय.” ते स्थळ गेल्याचं मला त्या वेळी किती वाईट वाटलं ते आता आठवत नाही. पेटी परत जाईल या भीतीनं मात्र झोप लागली नव्हती, हे पक्कं आठवतं.

जगनदादा तेवढ्यावर थांबला नाही. आसनगावच्या एका हळदीला मुंबईचे वादक आले होते. त्यातल्या ढोलकीवाल्याला त्यानं सहज म्हणून विचारलं, केळुसकर नावाचा कोणी सिंथेसायझर वाजवणारा आहे का. आहे ना, तो म्हणाला, मोठा माणूस, पण हल्ली रेकॉर्डिंगला येत नाही, का ते सांगत नाही. का विचारतोस? दादानं सांगितलं, त्याची एक पेटी आमच्याकडे आहे. इतकंच.

काही दिवसांनी सकाळी गल्लीत पांढरी गाडी येऊन उभी राहिली. उतरलेला माणूस आमच्यापेक्षा फार मोठा नव्हता, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं गोड. दादरकडच्या एका स्टुडिओचा मालक होता. म्हणाला, केळुसकरांनी ठेवलेली पेटी आमच्या स्टुडिओची आहे, माझ्या वडिलांनी आणलेली, न सांगता नेली आहे, मी घेऊन जातो. दादानं बाबांकडे पाहिलं, बघा मी सांगत होतो, अशा नजरेनं. आई पडद्याआडून म्हणाली, “देऊन टाका.” मला वाटलं बाबा देतील. तेच तर इतके दिवस म्हणत होते, की या माणसात काहीतरी पाणी मुरतंय.

बाबांनी त्याला बसायला स्टूल दिलं. “पेटी तुमची असंल,” ते म्हणाले. “नाय कोण म्हणतो? पण माझ्याकडं ती तुमी नाय ठेवली.”

“अहो, मी सांगतोय ना माझी आहे.”

“तोबी तसंच सांगतो. मी कुणाचं ऐकू?”

“पोलीस घेऊन येऊ का?” आवाजातला गोडवा गेला.

“आणा. त्यांनाबी चहा देऊ. ज्यानं ठेवली त्यालाबी आणा. दोघं समोरासमोर बोला नि न्या.”

तो माणूस उठला. जाता जाता त्यानं माझ्या टेबलाकडे पाहिलं. पेटी उघडी होती आणि आतला हिरवा बोर्ड दिसत होता. “यात काय बसवताय?” मी उत्तर देणार नव्हते. पण दादा बोलून गेला, “कॉम्प्युटरवरून वाजवायची सोय. हात न लावता.” तो माणूस हळूच हसला. “असं होय,” तो म्हणाला. “म्हणजे हात चालत नाही त्याचा.” आणि गाडीत बसून निघून गेला. आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. त्याच्या लक्षात जे एका क्षणात आलं, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात इतक्या दिवसांत आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही आम्हाला ते पटलं नाही. दादा म्हणाला, “काहीतरी बोलतो. धडधाकट माणूस आहे.”

केळुसकरांच्या यायच्या दिवशी आईनं सकाळपासून वालाचं बिरडं, सुकट, भाकऱ्या, भात असा बेत केला. ते आले तशी ती पडदा सारून बाहेर आली, जे ती कधी करत नसे. “आज जेवल्याबिगर पेटीला हात लावायचा नाय,” ती म्हणाली. “चालत नसंल आमच्या घरचं तर तसं तोंडानं सांगा.” केळुसकरांचा चेहरा उतरला. “तसं काही नाही हो वहिनी,” ते म्हणाले, आणि मग त्यांना नाही म्हणता आलं नाही. बाबा आणि दादाच्या मध्ये त्यांचं पान वाढलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट नीट होतं, पुढची तीन बोटं वाकायचीच नाहीत. भाकरीचा तुकडा त्यांनी कसाबसा मोडला, पण भाताचा घास वळेना. भात बोटांतून पानात पडला. त्यांनी परत उचलला, परत पडला. आई उठली, आत गेली, भांड्यांचा खडखडाट झाला, आणि एक चमचा घेऊन आली. तो तिनं त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. “सावकाश जेवा,” ती म्हणाली. एवढंच. आणि पुढच्या भाकरीवर तिनं तुपाची धार धरली, जे आमच्याकडे फक्त जावयाला मिळायचं.

जेवणानंतर त्यांनी सांगितलं. वर्षापूर्वी एका सकाळी उठले तर बोटं ऐकेनाशी झाली होती. डॉक्टर झाले, मालिश झालं. स्टुडिओत कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद. म्हणून आपल्या आईचं आजारपण सांगून ते घरी राहिले. एका हातानं सावकाश एकेक सूर भरायचा आणि मग यंत्राकडून हवा त्या वेगानं वाजवून घ्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. पण नव्या यंत्रांचा आवाज त्यांना चालत नव्हता. त्यांना हीच पेटी हवी होती. मुंबईतल्या मेकॅनिकच्या दुकानात वादक अड्डा टाकून बसतात, तिथे पेटी गेली असती तर संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं असतं. “म्हटलं, इथं तरी कुणाला कळणार नाही,” ते म्हणाले.

जगनदादा खाली बघत होता. “तो स्टुडिओवाला आला होता,” तो म्हणाला. “पेटी माझी म्हणत होता. त्याला कळलंय. माझ्याच तोंडून गेलं.”

केळुसकर म्हणाले, “पेटी त्याच्या वडिलांनी मला दिली होती. जाण्यापूर्वी. घेऊन जा म्हणाले. कागद नाही माझ्याकडे.” आणि मग, “शैला, भोक पाडलंस का?”

मी त्यांच्यासमोर ड्रिल लावला. पत्र्याची चक्री खाली पडली, मी भोकाच्या कडा घासल्या. सॉकेट बसलं. त्यांनी पिशवीतून एक छोटा डबा काढला. त्याला ते सिक्वेन्सर म्हणत. सूर साठवून ठेवायचा आणि क्रमानं सोडायचा. मग ते दादाला म्हणाले, “तू बेंजो वाजवतोस ना? एखादी हळदीची चाल ऐकव.” दादा आधी तयार होईना. मग त्यानं बेंजो आणला आणि आमच्याकडे सगळ्या मांडवांत वाजते ती चाल वाजवली, नेहमीसारखी झपाट्यानं. केळुसकरांनी एकदाच ऐकली. मग डाव्या हातानं, एका बोटानं, एकेक पट्टी दाबत तिचे सूर भरले. किती लांबवायचा, कुठे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, ते मला सांगत गेले आणि मी कळा सरकवत गेले. भरून झालं तेव्हा ते पेटीपासून मागे सरकले आणि डब्याचं बटण दाबलं.

पट्ट्या हलल्या नाहीत. चाल मात्र सुरू झाली, त्या दाट आवाजात, भरधाव. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. “कुणी हात नाय लावला गो,” ती कुजबुजली आणि दोन पावलं मागे गेली. बाबा पुढे वाकून पट्ट्या न्याहाळत होते, जणू एखादी तरी चोरून हलताना सापडेल. दादानं काही सूर ऐकले आणि बेंजो उचलून तिच्यात शिरला. दोघं बरोबर चालले. मधेच तो थांबला. पेटी थांबली नाही. त्याची चाल त्याच्याशिवाय तशीच पुढे धावत राहिली. दादाचा चेहरा मला अजून दिसतो. “थांबत नाय ही,” तो म्हणाला.

“थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही,” केळुसकर म्हणाले आणि बटण दाबलं.

“मग उद्या आम्हाला कोण बोलवंल?”

केळुसकरांनी त्याची समजूत काढली नाही. “माहीत नाही रे,” ते म्हणाले. मला वाटतं, त्या उत्तरामुळेच दादाचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याच संध्याकाळी त्यानं स्वतः ती पेटी आसनगावला नेऊन त्यांना गाडीत बसवून दिलं. दोन दिवसांनी पांढरी गाडी परत आली, या वेळी दोन माणसं घेऊन. बाबा म्हणाले, “ज्यानं ठेवली त्यानं नेली,” आणि रेडिओचा आवाज वाढवला.

त्या स्टुडिओनं केळुसकरांना पुन्हा कधी बोलावलं नाही. पण दुसऱ्यांनी बोलावलं. घरी बसून सूर भरून द्यायचे, जाहिरातींना, नाटकांना. बरीच वर्षं त्यांनी तसं काम केलं आणि माझ्याकडे इतरांच्या जुन्या पेट्या पाठवल्या. त्या ‘शैला’ या नावानं यायच्या. दुकानाच्या पाटीवर माझं नाव बाबांनी स्वतः रंगवून घेतलं. माझं लग्नही झालं, जरा उशिरा, आणि मुरबाडला नाही. जगनदादाची भीती खोटी ठरली नाही. पुढे हळदीला डीजे आला आणि बेंजो पार्ट्या एकेक करून बसल्या. त्यानं त्याचा दोष कधी कुणाला दिला नाही, पण माझ्या टेबलावर नवी पेटी आली की तो अजूनही आधी मागचा पत्रा बघतो.

बाबा शेवटपर्यंत सांगायचे, “मी माणूस बरोबर ओळखला. गाडीवाला चोर होता.” केळुसकर गेल्याचं कळलं त्या दिवशीही ते हेच म्हणाले. मी ते तसंच राहू दिलं.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी मी मुंबईला गेले होते. तिथे त्याच जुन्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवलेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्या पेटीचा विषय निघाला. मी विचारलं, म्हाताऱ्या मालकांनी ती केळुसकरांना खरंच दिली होती का? ते मनापासून हसले. “दिली होती ना. त्यांचा स्वभावच तसा. खूश झाले की म्हणायचे, जा, ती पेटी तुझी. केळुसकरला म्हणाले, तबलेवाल्याला म्हणाले, स्वतःच्या पोरालाही म्हणालेच असतील.”

“मग पेटी खरी कुणाची?”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, चष्मा पुसला. “तसं बघितलं तर,” ते म्हणाले, “माझीच. मला सगळ्यात आधी म्हणाले होते.” मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा करत असावेत असं वाटलं नाही. मग मी चहा मागवला आणि त्यांच्या नातवंडांची चौकशी केली.